लाय डिटेक्टर चाचणीने पत्नीची निष्ठा सिद्ध होते का?

प्रश्न : माझ्या लग्नाला ११ वर्षे झाली असून आम्हाला एक मुलगी आहे. कार्यालयातील एका सहकाऱ्याशी माझे संबंध आहेत, असा संशय माझ्या पतींनी सहा महिन्यांपासून धरला आहे. त्यात काहीही तथ्य नाही. आता ते एका खासगी संस्थेत लाय डिटेक्टर चाचणी देण्याचा आग्रह धरत आहेत. 'मनात काही नसेल तर घाबरतेस कशाला?' असे ते विचारतात. रोजच्या वादाला कंटाळून मी होकार देण्याच्या विचारात आहे. ही चाचणी कितपत विश्वासार्ह असते? न्यायालयात तिला काही किंमत आहे का?
— एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : होकार देण्यापूर्वी हे यंत्र नेमके काय मोजते ते समजून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पॉलिग्राफ, म्हणजेच लाय डिटेक्टर, श्वासाची गती, रक्तदाब, नाडी आणि घामामुळे त्वचेच्या विद्युतवाहकतेत होणारा बदल नोंदवतो. यांपैकी एकही खोटेपणाची खूण नव्हे. भीती, संताप, लाज किंवा अपमान यांमुळेही हेच बदल होतात. परीक्षक मूळ आरोपाच्या प्रश्नांबरोबर 'जवळच्या माणसाशी कधी खोटे बोललात का?' असे तुलनेचे प्रश्न विचारतात आणि निर्दोष व्यक्ती या दुसऱ्या प्रश्नांनीच अधिक अस्वस्थ होईल, असे गृहीत धरतात. परंतु जिचा संसार, जिची मुलगी आणि जिची अब्रू एकाच प्रश्नाच्या उत्तरावर टांगलेली आहे, त्या निर्दोष स्त्रीचे काळीज त्याच प्रश्नाला सर्वाधिक धडधडणार नाही का? तुमच्या पतींच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे : खरे बोलणारी व्यक्तीही घाबरते, आणि हे यंत्र ती भीतीच मोजते.

उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. अमेरिकी गुप्तचर संस्थेतील ऑल्ड्रिच एम्स हा सोव्हिएत संघासाठी हेरगिरी करत असताना १९८६ आणि १९९१ अशा दोन्ही चाचण्यांतून सुटला आणि १९९४ मध्येच पकडला गेला. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ मध्ये या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा विशिष्ट घटनेबाबतच्या चाचण्यांचे निष्कर्ष निव्वळ अंदाजापेक्षा बरे असले तरी अचूकतेपासून बरेच दूर असल्याचे तिने नमूद केले. मराठेशाहीत वादी-प्रतिवादींना उकळत्या तेलातून रवा, म्हणजे धातूचा तुकडा, काढण्याचे दिव्य करावे लागे आणि हाताच्या जखमेवरून खरे-खोटे ठरे. शरीराकडून सत्य वदवून घेण्याची तीच जुनी अपेक्षा या यंत्रामागेही आहे, असे मला वाटते.

आता कायद्याविषयी. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात स्पष्ट केले, की गुन्ह्याच्या तपासात किंवा अन्यथाही, कोणावरही ही चाचणी सक्तीने करता येणार नाही, आणि संमतीने केलेल्या चाचणीचा निष्कर्षदेखील स्वतंत्र पुरावा म्हणून स्वीकारता येणार नाही. कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम १४ मुळे त्या न्यायालयाला पुरावा स्वीकारण्याची बरीच मोकळीक आहे, हे खरे. तरीही अशा अहवालावर घटस्फोटाचा डोलारा उभा राहील, असे मी मानत नाही. मात्र खासगी संस्थेचा प्रतिकूल अहवाल न्यायालयात टिकला नाही, तरी सासर-माहेरच्या बैठकीत तो तुमच्या विरोधात फिरवला जाईल. शिवाय अहवाल अनुकूल आला, तर 'यंत्रालाही फसवलेस' असे म्हणायला संशयी मन मोकळेच राहते.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे : ही चाचणी देऊ नका. हे सारे पतींना शांतपणे सांगा आणि दोघांनी मिळून अनुभवी विवाह समुपदेशकाकडे जाण्याचा पर्याय त्यांच्यापुढे ठेवा. तिथे त्यांच्या संशयाचे मूळ तरी बोलले जाईल. त्यांनी दडपण वाढवले किंवा घराबाहेर काढण्याची धमकी दिली, तर ते संदेश जपून ठेवा आणि कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखालील संरक्षण अधिकाऱ्यांना भेटा, कारण पत्नीच्या चारित्र्यावर आरोप करून तिचा सतत अपमान करणे हा त्या कायद्यानुसार शाब्दिक आणि भावनिक छळ ठरू शकतो.