लोकसंख्येची घनता जास्त असलेल्या भारताची हवा विरळ वस्तीच्या देशांशी ताडून पाहणं अन्यायाचं आहे का?

आपल्याकडे दाटीच एवढी आहे की हवा खराब असणारच, म्हणून ही तुलना चुकीची, असं तुमच्या प्रश्नातून दिसतं. मला ते पटत नाही. कारण माझं गाव.

मी गोव्यातल्या सावर्ड्याचा. खनिजाचे ट्रक आमच्या दारावरून जायचे. तुळशीवृंदावन, माडाच्या झावळ्या, खिडक्यांचे गज, सगळ्यावर तांबडी धूळ. उन्हाळ्यात आई आमसोलं घरामागे वाळत घालायची, तरी वर जुनं लुगडं पसरावं लागे. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१२ मध्ये आधी राज्य सरकारच्या आणि मग सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणी थांबल्या, आणि त्या हिवाळ्यात रस्त्याकडेची झाडं हिरवी दिसली. गावात माणसं तेवढीच होती. (कित्येकांची रोजीरोटी गेली, आमच्या घरातली एक कमाईही. ते दिवस मी विसरलेलो नाही.)

माणसं वाढली की गाड्या, चुली, कचरा वाढतो, एवढं खरं. पण केरळ आणि उत्तर प्रदेश पाहा. २०११ च्या जनगणनेत केरळची घनता दर चौरस किलोमीटरला ८६०, उत्तर प्रदेशची ८२९. दाटी जवळपास सारखी, हवेत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. केरळला समुद्राचे वारे आहेत, दोन्ही पावसाळे आहेत. गंगेच्या मैदानाच्या उत्तरेला हिमालयाची भिंत. हिवाळ्यात तिथे थंड हवा जमिनीलगत बसते, वरची उबदार हवा झाकणासारखी काम करते, आणि चुली, वीटभट्ट्या, गाड्या, शेतातल्या आगी यांचा धूर खालीच कोंडतो. गोव्याची घनता ३९४, म्हणजे देशाच्या तेव्हाच्या सरासरीहून (३८२) जराशी जास्तच. आम्हालाही खारे वारे वाचवतात, त्यात आमचं कर्तृत्व काही नाही.

देशांचंही तेच. सिंगापूरमध्ये चौरस किलोमीटरला सुमारे ८,००० माणसं, बांगलादेशात त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतकी, तरी ढाक्याची हवा कितीतरी वाईट. सिंगापूरची वीज मुख्यतः नैसर्गिक वायूवर होते, आणि गाडी घ्यायला १९९० पासून वेगळा परवाना लागतो. त्याच सिंगापूरला २०१५ मध्ये इंडोनेशियातल्या आगींच्या धुराने शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मंगोलियात चौरस किलोमीटरला दोनच माणसं, पण देशाची जवळपास निम्मी वस्ती उलानबातरमध्ये. कडाक्याच्या थंडीत तिथल्या तंबूवस्त्यांत घरोघरी कोळसा पेटतो. २०१९ मध्ये तिथे कच्चा कोळसा जाळण्यावर बंदी घालावी लागली. देशभराच्या सरासरी घनतेवरून हे कळणारच नाही. माणसं जिथे खरोखर राहतात तिथली हवा मोजली पाहिजे.

तुलना करताना एक्यूआयचे (हवेच्या गुणवत्ता निर्देशांकाचे) आकडे जसेच्या तसे शेजारी ठेवू नका, प्रत्येक देशाची पट्टी वेगळी असते. दिवसभराच्या सरासरीत पीएम २.५ (हवेतले २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल तर आपल्या पट्टीवर ते ‘समाधानकारक’मध्ये बसतं, अमेरिकेच्या पट्टीवर ‘आरोग्याला अपायकारक’. त्यापेक्षा पीएम २.५ची मायक्रोग्रॅममधली वार्षिक सरासरी घ्या. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस ५, आपली मर्यादा ४०. पीएम १० (१० मायक्रॉनपर्यंतचे कण) हेही सोबत बघा. आमच्या रस्त्यावरच्या तांबड्या धुळीतले बरेचसे कण २.५ मायक्रॉनहून जाडे, ते पीएम २.५च्या आकड्यात येतच नाहीत.