मुलासाठी परवडणारा सॉकर क्लब निवडताना

अमेरिकेतील मराठी कुटुंबांत मूल पाच-सहा वर्षांचे झाले की सॉकरचा विषय घरात निघतोच, कारण त्याचे वर्गमित्र शनिवारी सकाळी मैदानावर असतात आणि त्यालाही तिथेच जायचे असते. मग पालक चौकशी करू लागतात, तेव्हा कोणी सव्वाशे डॉलरचा आकडा सांगतो, तर कोणी दोन हजारांचा. एवढी तफावत पाहून अनेकांना वाटते की महागड्या क्लबात शिकवणे चांगले असणार आणि स्वस्त क्लबात घालणे म्हणजे मुलासाठी हात आखडता घेणे. दहा-अकरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत तरी ही समजूत चुकीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. या वयात घराजवळचे मैदान, प्रत्येक सामन्यात पुरेसा वेळ खेळायला मिळणे आणि मुलांशी नीट बोलणारा प्रशिक्षक एवढे जमले, तर त्यापुढे मोजलेल्या पैशांतून मुलाच्या पदरात फारसे काही पडत नाही.

आपल्यापैकी जे कोल्हापूरकडचे आहेत त्यांना फुटबॉल म्हटले की पाटाकडील किंवा दिलबहार यांसारख्या तालमींचे संघ आणि त्यांच्यामागे उभी राहणारी पेठ आठवते. अमेरिकेत मात्र मुलांचा सॉकर मुख्यतः पालकांच्या शुल्कावर चालतो, आणि क्लब निवडणारे पालक हे त्याचे ग्राहक असतात. त्यामुळे कोण काय देतो आणि त्याचे किती घेतो, हे ग्राहकाच्या नजरेने तपासण्यात कमीपणा मानू नये.

ढोबळमानाने दोन प्रकार ध्यानात ठेवावेत. पहिला रिक्रिएशनल, म्हणजे बोलण्यातला ‘रेक’. तो शहराचा पार्क विभाग, वायएमसीए, गावातील सॉकर संघटना किंवा एवायएसओ (अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशन) चालवते. एवायएसओ ही संस्था १९६४ मध्ये लॉस एंजेलिसच्या परिसरात सुरू झाली आणि आज देशभर तिच्या शाखा आहेत. तिथे ट्रायआउटशिवाय, म्हणजे निवड चाचणीशिवाय, कोणालाही नोंदणी करता येते, संघ शक्यतो समतोल केले जातात आणि प्रत्येक मुलाला किमान अर्धा सामना खेळवण्याचा नियम आहे. प्रशिक्षक बहुधा मुलांचेच आईवडील असतात आणि ते मानधन घेत नाहीत. शुल्क कमी असण्याचे खरे कारण हेच आहे. एका हंगामाला साधारण शंभर ते तीनशे डॉलर लागतात, शहराच्या उपक्रमात कधी त्याहूनही कमी. दुसरा प्रकार ट्रॅव्हल किंवा कॉम्पिटिटिव्ह क्लबांचा. तिथे अनेक राज्यांत मे-जूनमध्ये ट्रायआउट होतात, प्रशिक्षक पगारी असतात, आठवड्यातून दोन-तीन सराव असतात आणि पालकांना बहुधा पूर्ण वर्षाची बांधिलकी लिहून द्यावी लागते.

ट्रॅव्हल क्लबचे शुल्क हा एकूण खर्चाचा केवळ एक भाग असतो, आणि नेमके हेच नोंदणीच्या वेळी ठळकपणे सांगितले जात नाही. समजा, वार्षिक शुल्क २,००० डॉलर आहे. त्यात गणवेशाच्या संचाचे ३००, टूर्नामेंटच्या प्रवेशशुल्कातला आपला वाटा ४०० आणि बाहेरगावच्या दोन टूर्नामेंटसाठी मुक्काम व जेवणखाणाचे प्रत्येकी ३५० धरले, तर बेरीज ३,४०० डॉलर होते. पेट्रोल यात धरलेलेच नाही. काही टूर्नामेंटमध्ये आयोजकांनी ठरवलेल्या हॉटेलांतच राहण्याची अट असते, त्यामुळे मित्राच्या घरी उतरून पैसे वाचवण्याची वाटही बंद होते. म्हणून क्लबच्या व्यवस्थापकाला ईमेल करून एकच प्रश्न लेखी विचारावा: मागच्या वर्षी या वयोगटातील एका मुलामागे कुटुंबाचा सगळा मिळून किती खर्च झाला? शिवाय त्याच संघातील एखाद्या पालकालाही हाच प्रश्न विचारावा, कारण दोन उत्तरांतील अंतर पुष्कळ काही सांगून जाते. हप्त्यांची सोय आहे का, गणवेश किती वर्षांनी बदलतो आणि मूल मध्येच जखमी झाले किंवा कुटुंबाला दुसऱ्या शहरात जावे लागले तर पैसे परत मिळतात का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे. नोकरी व्हिसावर अवलंबून असलेल्या कुटुंबांनी शेवटचा मुद्दा विशेष गांभीर्याने घ्यावा.

आपल्या घरांचे वेळापत्रक इतरांपेक्षा थोडे वेगळे असते, याचाही आधीच विचार व्हावा. उन्हाळ्यात महिना-दीड महिना भारतात जाण्याचा बेत असेल, तर वार्षिक बांधिलकीच्या क्लबात त्या काळाचेही पैसे भरावे लागतात आणि ऑगस्टमध्ये सुरू होणारा सराव बुडतो, तो वेगळाच. रेक संघांचे सामने बहुतेक ठिकाणी शनिवारी होतात. ट्रॅव्हल संघांचे सामने शनिवार-रविवार दोन्ही दिवशी असू शकतात, आणि आपल्याकडील पुष्कळ मराठी शाळा रविवारी भरतात. दर आठवड्याला मुलाला शाळा की सामना असे निवडायला लावणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. सामन्यांचे वेळापत्रक नोंदणीपूर्वी मिळत नसले तरी मागच्या हंगामाचे मागून घेता येते आणि त्यावरून पुरेसा अंदाज बांधता येतो.

खर्चाचा हिशेब झाल्यावर मैदानावर जाऊन एक सराव पूर्ण पाहावा. सॉकरमधले काही कळत नसले तरी बिघडत नाही, कारण पाहायच्या गोष्टी साध्या आहेत. मुले रांगेत उभी राहून आपली पाळी येण्याची वाट पाहत असतील, मैदानाला फेऱ्या मारत असतील किंवा प्रशिक्षकाचे लांबलचक भाषण ऐकत असतील, तर तेवढा वेळ चेंडू त्यांच्या पायाशी नसतो. चांगल्या सरावात लहान लहान गट असतात आणि प्रत्येक मूल सतत चेंडूला खेळवत असते. याच विचाराने अमेरिकेच्या सॉकर महासंघाने लहान मुलांचे सामने छोटे केले आहेत: आठ वर्षांपर्यंतची मुले चारास चार, नऊ-दहा वर्षांची सातास सात, अकरा-बारा वर्षांची नवास नऊ आणि तेराव्या वर्षापासून पूर्ण अकरास अकरा. चेंडूही त्याप्रमाणे बदलतो. आठ वर्षांपर्यंत तीन नंबरचा, बारा वर्षांपर्यंत चार नंबरचा आणि त्यानंतर पाच नंबरचा. दहा वर्षे व त्याखालील मुलांना डोक्याने चेंडू मारू देऊ नये आणि अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांना सरावात तो मर्यादित प्रमाणातच मारू द्यावा, असे मेंदूला होणाऱ्या दुखापतींचा विचार करून ठरवण्यात आले आहे. नऊ वर्षांच्या मुलांना हेडिंग शिकवणारा क्लब कितीही नावाजलेला असला तरी मी त्याची शिफारस करणार नाही.

वयोगटांची मोजणीही बदलली आहे. २०२६-२७ च्या हंगामापासून प्रमुख युवक संघटनांनी जानेवारी ते डिसेंबरऐवजी १ ऑगस्ट ते ३१ जुलै अशी विभागणी स्वीकारली, त्यामुळे बहुतांश मुलांना आपल्याच इयत्तेतील मित्रांसोबत खेळता येते. वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेल्या मुलांच्या पालकांनी आपल्या क्लबातील विभागणी विचारून घ्यावी.

सुरक्षिततेबाबत मात्र भीड बाळगू नये. खेळांतील मुलांचे शोषणापासून संरक्षण करणारा २०१७ चा सेफस्पोर्ट कायदा २०१८ च्या फेब्रुवारीत अमलात आला. मुलांच्या लैंगिक शोषणाचा संशय आल्यास क्रीडा संघटनांतील प्रौढांनी चोवीस तासांच्या आत तक्रार करणे त्याने बंधनकारक केले. प्रशिक्षकांची पार्श्वभूमी तपासली जाते का, त्यांचे सेफस्पोर्ट प्रशिक्षण झाले आहे का आणि एखादा प्रौढ मुलासोबत एकटा राहू नये यासाठी क्लबचा नियम काय आहे, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. कारवाई झालेल्या व्यक्तींची यादी सेफस्पोर्ट केंद्राच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. प्रश्न विचारल्यावर चिडणाऱ्या क्लबाकडे मूल सोपवू नये.

पैशांची अडचण असेल तर ती मनात ठेवून गप्प बसण्याचेही कारण नाही. कित्येक क्लबांत शुल्कसवलत असते, परंतु तिचे अर्ज नोंदणीच्या सुरुवातीलाच घेतले जातात आणि निधी संपला की बंद होतात. काही ठिकाणी एका पालकाने संघाचे व्यवस्थापन किंवा प्रशिक्षकाचे साहाय्य स्वीकारले तर शुल्क कमी होते. आपल्यातील बाबा मंडळी क्रिकेटच्या सवयीमुळे इथे मागे राहतात, पण लहान मुलांच्या संघाला साहाय्यकाची गरज नेहमीच असते. क्लब ना-नफा संस्था म्हणून नोंदवलेला असेल, तर कर विभागाकडे भरलेले त्याचे ‘फॉर्म ९९०’ हे विवरणपत्र सार्वजनिक असते आणि बऱ्यापैकी मोठ्या क्लबच्या विवरणपत्रात उत्पन्न, खर्च व प्रमुख पदाधिकाऱ्यांचे वेतन दिसते. लहान मुलांची क्लीट्स, म्हणजे सॉकरचे बूट, जुनी घेतली तरी चालतात, कारण पाय वर्षभरात वाढतोच; नडगीचे संरक्षण करणारे शिन गार्ड मात्र नीट बसणारे असावेत.

महाग क्लब निवडण्यामागे पुष्कळदा कॉलेजच्या शिष्यवृत्तीची आशा असते, म्हणून एक आकडा सांगतो. २०२५ पूर्वीच्या नियमांनुसार कॉलेजच्या खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या पहिल्या विभागातील पुरुषांच्या सॉकर संघाला एकूण ९.९ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत असत आणि त्या पंचवीस-तीस खेळाडूंत वाटल्या जात. तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती दिलीच जात नाही. नंतर नियम बदलले असले तरी सात वर्षांच्या मुलावर वर्षाला तीन हजार डॉलर या हिशेबाने खर्च करणे गुंतवणूक म्हणूनही पटण्यासारखे नाही.

याचा अर्थ ट्रॅव्हल संघ कधीच घेऊ नये असा नाही. मूल अकरा-बारा वर्षांचे झाले, सराव नसलेल्या दिवशीही स्वतःहून चेंडू घेऊन अंगणात जाऊ लागले आणि रेक संघातील सामने त्याला सोपे वाटू लागले, तर ट्रायआउटला अवश्य न्यावे. मात्र पहिल्या वर्षी घरापासून अर्ध्या तासाच्या आतला आणि त्याला खरोखर मैदानावर उतरवणारा संघ निवडावा, मग तो क्लबचा दुसरा किंवा तिसरा संघ असला तरी चालेल. ट्रायआउटनंतर अनेक क्लब उत्तरासाठी एक-दोन दिवसांचीच मुदत देतात, तेव्हा कुटुंबाने आपली खर्चाची कमाल मर्यादा ट्रायआउटला जाण्यापूर्वीच घरी बसून ठरवावी आणि ती मुलालाही स्पष्ट शब्दांत सांगावी.