स्वस्त बोर्ड, महाग बोर्ड आणि हाताशी असलेली रॅम

कोपरखैरण्याहून एका ताईंनी विचारलं आहे. त्या घरून इंटिरिअरची कामं करतात, स्केचअपवर डिझाइन आणि रेंडर, म्हणजे त्याची खऱ्यासारखी दिसणारी चित्रं. पीसी २०१७चा: सातव्या पिढीचा आय५, डीडीआर४ प्रकारच्या रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन स्टिक, नंतर टाकलेलं जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड. विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चढत नाही आणि विंडोज १०चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५मध्येच संपला. शिल्लक २५ हजार. एक कोटेशन १९ हजारांचं, बी५५० मदरबोर्ड आणि रायझन ५ ५६०० प्रोसेसर, म्हणजे एएमडीचा जुना सॉकेट, एएम४. दुसरं त्यानंतरच्या एएम५ सॉकेटचं, ४५ हजार. वरचे २० हजार बारा महिन्यांच्या ‘नो कॉस्ट’ ईएमआयवर. यातलं कोणतं घ्यावं? शिवाय एएम४चाच साडेपाच हजारांचा ए५२० बोर्ड का नको, हाही प्रश्न.

ताई, १९ हजारांचं घ्या.

दोन्ही कोटेशनमधले नुसते बोर्ड बघा: साडेआठ आणि साडेतेरा हजार. फरक पाचच हजारांचा. मग एकूण २६ हजार कुठून आले? सात हजारांनी प्रोसेसर महाग, आणि एएम५वर डीडीआर४ चालतच नाही, म्हणून नवी १६ जीबी रॅम १४ हजारांची. तुमची चालती रॅम जाणार माळ्यावर. तीही अशा वेळी, जेव्हा एआयच्या डेटा सेंटरांमुळे २०२५च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढलेत.

‘पुढची पाच-सात वर्षं बघायला नको’ हे दुकानदाराचं म्हणणं अगदीच खोटं नाही. एएम५ला किमान २०२७पर्यंत साथ देऊ, असं एएमडीने सांगितलंय; म्हणजे पुढे बोर्ड तोच ठेवून नुसता प्रोसेसर बदलता येईल. एएम४चा रस्ता संपत आलाय. पण तुम्ही २०१७चा प्रोसेसर आजवर बदललेला नाही. मध्येच बदलणारी मंडळी वेगळी असतात. माझा भाचा त्यातला, दर दिवाळीला कॅबिनेट उघडून बसतो. तुम्ही जी सोय वापरणार नाही, तिचे हप्ते कशाला भरायचे?

‘नो कॉस्ट’चं म्हणाल तर व्याज बहुतेक वेळा किमतीत किंवा हुकलेल्या सवलतीत दडलेलं असतं. शून्य टक्क्यांच्या योजनांबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१३मध्येच बँकांचे कान उपटले होते. वर प्रोसेसिंग फी, व्याजावर १८ टक्के जीएसटी. महिन्याला सोळा-सतराशे जड वाटत नाहीत; पण तुम्हीच लिहिलंय, कामांची झुंबड गणपतीआधी आणि शेवटचे पैसे ग्राहक राहायला गेल्यावर. हप्त्याची तारीख कुणाच्या वास्तुशांतीसाठी थांबत नाही.

ए५२०वर मात्र तीन हजार वाचवू नका. त्यावर बहुतेकदा रॅमचे दोनच स्लॉट असतात आणि ते तुमच्या दोन स्टिकनी भरतील. उद्या रेंडर अडखळला, ३२ जीबी हवी झाली, की जुन्या काढून टाका. चार स्लॉट असतील तर नुसती भर घालता येते. काही स्वस्त बी५५०वरही दोनच स्लॉट येतात, तेव्हा कोटेशनवर पूर्ण मॉडेल लिहून घ्या. ५६०० ओळखता यावा म्हणून बोर्डाचं बायोस, म्हणजे त्यातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट केलेलं आहे ना, तेही विचारा.

बिलाशिवाय पाचशे कमी, ही ऑफर सोडा. तुम्ही प्रिझम्प्टिव्ह पद्धतीने, म्हणजे खर्च न दाखवता ठरावीक टक्के नफा धरून, रिटर्न भरता, त्यामुळे या बिलाने कर वाचणार नाही; पण बोर्डाच्या तीन वर्षांच्या वॉरंटीला ते लागेल.

आणि पैसे देण्याआधी जुना एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, दुकानात न्या. बी५५०ला प्रोसेसरसाठी सहसा आठ पिनांची वायर लागते, जुन्यात चारचीच असू शकते. नवा घ्यावा लागला तर तीन-साडेतीन हजार धरा. तरी २५ हजारांच्या आत बसतंय.