डीओ-१ या अँटिबॉडीने मानवी पेशींत पी५३ हे प्रथिन दिसते, उंदराच्या पेशींत नाही. अँटिबॉडी खराब झाली असेल का?

अँटिबॉडी खराब झालेली नाही. डीओ-१ ही मोनोक्लोनल अँटिबॉडी मुळात मानवी पी५३ च ओळखते, उंदराचे ओळखत नाही. मोनोक्लोनल असल्यामुळे ती या प्रथिनाच्या एकाच छोट्या तुकड्याला चिकटते, आणि तो तुकडा म्हणजे सुरुवातीच्या टोकाकडील २० ते २५ क्रमांकांची सहा अमिनो आम्ले: सेरिन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल, ल्युसिन, ट्रिप्टोफॅन, लायसिन आणि पुन्हा ल्युसिन. युनिप्रॉट या प्रथिनांच्या डेटाबेसवरील दोन्ही अनुक्रम (अमिनो आम्लांचा क्रम) शेजारी ठेवून पाहिल्यास उंदरात अ‍ॅस्पार्टिक आम्लाच्या जागी ग्लायसिन आढळते, बाकीची पाच जशीच्या तशी असतात. उंदराच्या नमुन्यांसाठी सीएम५ ही सशात तयार केलेली पॉलिक्लोनल (प्रथिनाच्या अनेक तुकड्यांना चिकटणारी) अँटिबॉडी वापरावी. पीएबी४२१ दुसऱ्या टोकाला चिकटते आणि उंदराचे पी५३ ही ओळखते, परंतु डीओ-१ प्रमाणे तीही उंदराचीच असल्याने उंदराच्या ऊतींच्या अर्कात दुय्यम अँटिबॉडी (पहिलीला पकडून ती दाखवणारी) तेथील मूळच्या इम्युनोग्लोब्युलिनलाही, म्हणजे उंदराच्या स्वतःच्या अँटिबॉडीलाही, पकडते, आणि त्याच्या जड साखळीची वेस्टर्न ब्लॉटवरील (प्रथिने आकारानुसार वेगळी करून दाखवणाऱ्या चाचणीतील) ५० किलोडाल्टनजवळची पट्टी पी५३ समजली जाण्याची चूक अगदी सहज होते. मात्र मानवी पेशींतही डीओ-१ ची पट्टी फिकी दिसली म्हणून पी५३ कमी आहे असे लगेच मानू नये, कारण २० व्या सेरिनला फॉस्फेट जोडला गेला की तिची पकड सुटते, आणि पहिली ३९ अमिनो आम्ले नसलेले पी५३ चे आखूड रूप तर तिला दिसतच नाही.