त्यांची वामकुक्षी आणि तुमचं ‘जरा’

प्रिय ताई,

वय ६१, मुक्काम कोथरूड. ३५ वर्षं बँकेत दुसऱ्यांचे पैसे मोजले, गेल्या वर्षी निवृत्त झाले. तेव्हापासून मला एक व्यसन लागलंय, दुपारची झोप. जेवणं उरकली, ओटा पुसला, की पडदा ओढायचा, पंखा तीनवर, अंगावर आईच्या नऊवारीची गोधडी. दोन ते सव्वातीन. उठून चहाचं आधण ठेवते तेव्हा इतकं बरं वाटतं की काय सांगू.

पण ही झोप मी चोरून घेते. उशाशी पुस्तक उपडं ठेवते, म्हणजे ‘वाचत पडले होते’ म्हणता येतं. फोन मुका, दाराच्या बेलचं बटण बंद. एप्रिलमध्ये नणंद सासवडहून न कळवता अंजिरं घेऊन आली आणि वीस मिनिटं दारात उभी राहिली. सून हिंजवडीला ऑफिसात होती. हे बाहेर सोफ्यावर वामकुक्षी घेत होते. सासूबाई (वय ८४) आरामखुर्चीत जप करत होत्या. शेवटी दार मी उघडलं, केस विस्कटलेले, गालावर उशीचे वळ. नणंद म्हणाली, “मला वाटलं, घरात काही बरंवाईट झालं.” सासूबाई म्हणाल्या, “आम्ही जन्मात कधी दिवसा पाठ टेकली नाही.” हे काहीच म्हणाले नाहीत. सून बिचारी काळजीने म्हणते, “आई, डॉक्टरांना दाखवू या, हे डिप्रेशनही असू शकतं.”

मी आळशी झालेय का? ही झोप सोडून द्यावी का?

— बेल बंद, कोथरूड

अहो बेलबंद बाई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले, कारण हिशेब लागत नव्हता. ३५ वर्षं बँकेत काढलेल्या बाईच्या नजरेतून तो कसा सुटला, हेच मला नवल वाटतंय.

नणंद काही वीस मिनिटं बंद बेलचं बटण दाबत बसली नसणार. तिने कडी वाजवली असेल, हाका मारल्या असतील. सोफा दारापासून किती लांब असणार, चार पावलं? त्यावर तुमचे यजमान. शेजारी आरामखुर्चीत जन्मात दिवसा पाठ न टेकलेल्या सासूबाई, आणि त्यांचा म्हणे जप चाललेला. मग दार उघडायला आतल्या खोलीतून तुम्हाला का यावं लागलं? त्या दुपारी त्या घरात तीन माणसं गाढ झोपली होती. जी उठली ती पकडली गेली.

सासूबाईंवर मात्र रागावू नका, त्या खोटं बोलत नाहीत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात २१व्या अध्यायात झोपेचा सगळा ताळेबंद मांडलाय. रात्रीचं जागरण शरीर रूक्ष करतं, दिवसा झोपणं स्निग्धता वाढवतं, आणि बसल्या बसल्या पेंगणं यांतलं काहीच करत नाही. त्याला शब्दही गोड आहे, ‘आसीनप्रचलायित’. हातात माळ, हनुवटी छातीवर, मधूनच एखादा मणी पुढे. आमची आजी यात निष्णात होती. “आजी, झोपलीस?” म्हटलं की डोळे न उघडता उत्तर यायचं, “नाही गं, ऐकतेय.”

त्याच अध्यायात दिवसा झोपायची मुभा कुणाकुणाला, याची यादी आहे. म्हातारे, मुलं, अशक्त, रात्री जागलेले, प्रवासाने नाहीतर ओझी वाहून दमलेले, अजीर्ण झालेले, रागाने-शोकाने-भीतीने थकलेले. आणि सगळ्यात शेवटी, ज्यांना दिवसा झोपायची सवयच आहे ते! हे वाचल्यावर चरकाचार्यांचं आजोळ सदाशिव पेठेत असावं अशी मला शंका आली. उन्हाळ्यात तर साऱ्यांनाच मोकळीक, कारण रात्री लहान. बाकीच्या ऋतूंत कफ-पित्त वाढतं म्हणून नको, आणि अंगाने जाड असलेल्यांना कधीच नको, असंही लिहिलंय. ते पान मी माझ्यापुरतं पटकन उलटलं.

‘दिवसा झोपू नये’ हा नियम मुळात दिला कुणाला, हेही बघा. मुंजीत बटूला जो उपदेश करतात त्यात ‘दिवा मा स्वाप्सीः’ असं स्पष्ट वाक्य आहे. म्हणजे ताकीद मिळाली मुलग्यांना. आपली मुंज झालीच नाही. आणि ज्यांची झाली ते मुंजीचंच जेवण जेवून कार्यालयाच्या वरच्या खोलीत, गाद्यांवर ओळीने घोरत पडलेले मी पन्नास वर्षं बघतेय. खाली पंक्तीची भांडी कोण मोजतंय? ज्यांना दिवसा झोपू नका असं कुणी सांगितलंच नव्हतं, त्या.

तुमच्या पत्रातले शब्दच घ्या. यजमान ‘वामकुक्षी घेत होते’. तुम्ही? ‘व्यसन’, ‘चोरून’. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. जेवल्यावर डाव्या कुशीवर लवंडायचं, यापलीकडे त्यात काही नाही. पण संस्कृत नाव मिळालं की झोपेला सोवळं नेसवल्यासारखं होतं, मग तिला कोण शिवणार? बायका मात्र जरा पाठ टेकतात. जरा आडव्या होतात. जरा डोळा लागतो त्यांचा. ते ‘जरा’ सुटत नाही. माझ्या आईने दिवसाउजेडी ‘मी झोपते’ हे दोन शब्द कधी उच्चारल्याचं मला आठवत नाही. हाताची उशी, तोंडावर पदर, शहाबादी फरशीवर चटईसुद्धा न घालता पडायची. चटई घातली असती तर ती ठरवून घेतलेली झोप झाली असती ना.

आमचं बिऱ्हाड नारायण पेठेतल्या वाड्यात. दुपारी एकला शेजारपाजारच्या दुकानांच्या फळ्या लागायच्या आणि मालक मंडळी घरी यायची. पुण्याच्या एक ते चारचं लोकांना भारी कौतुक, त्यावर विनोद किती. पण दीडला ताटात गरम पोळी पडायची म्हणजे चुलीपाशी कुणीतरी उभं होतं. मग उष्टी-खरकटी, मग भांडी. साडेतीनला कपबशी उशाशी यायची. मधे उरलेली पाऊण तासाची फट, तीही उन्हाळ्यात गच्चीवरच्या कुरडयांकडे एक डोळा ठेवून. सगळं गाव झोपलं म्हणतात, त्यात या बायका धरलेल्या नसतात.

२०१७ साली चितळ्यांनी दुपारीही दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली. केवढी बातमी झाली होती! त्याच वर्षी वैद्यकाचं नोबेल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना मिळालं, शरीराच्या आतल्या घड्याळावरच्या कामासाठी. पुण्याने आपलं घड्याळ मोडलं आणि तिकडे स्टॉकहोममध्ये घड्याळाचा सत्कार झाला. त्या तिघांचं काम फळमाशीवर होतं, केळ्यांवर घोंघावते ती बारकी माशी. ही माशीसुद्धा दुपारी झोपते. आणि फळमाश्यांमध्ये दिवसाची झोप नर जास्त घेतात, माद्या कमी. त्यातून मीलन झालं, की मादीची दुपारची झोप आणखी घटते. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ पंख्याकडे बघत बसले होते. माशीला तर सासूही नसते.

तर, आळशी झालात का? छे. दुपारी एक ते तीनच्या सुमाराला माणसाचा सावधपणा आपोआप उतरतो, जेवलात तरी आणि उपाशी राहिलात तरी. ३५ वर्षं त्या वेळेला तुम्ही समोरच्या रांगेकडे बघून डोळे ताणत होतात. आता रांग नाही, म्हणून शरीर आपलं म्हणणं मांडतंय. नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांना उड्डाणात पाळीपाळीने ४० मिनिटं विसावा देऊन पाहिला होता. ते सरासरी २६ मिनिटं झोपले आणि पुढे जास्त सावध राहिले. विमान चालवणारा झोपू शकतो, तर तुमच्या कुकरला कसली घाई आहे?

तुमचा सव्वा तास तसा लांबच. वीस-पंचवीस मिनिटांत उठलं तर डोकं हलकं राहतं. त्यापुढे झोप खोल जाते आणि मधेच उठवलं तर माणूस तासभर जड डोक्याने, चिडचिडत फिरतो. पण तुम्ही तर उठून खुशीत चहा टाकता, म्हणजे तुमचं गणित जमलेलं दिसतंय. रात्री अकराला पडल्यावर झोप येते ना? येत असेल तर काही बदलू नका. बारा-एकपर्यंत छताकडे बघत राहत असाल, तर दुपारची आवरती घ्या. साडेतीननंतर मात्र काही झालं तरी पडून राहायचं नाही.

सुनेचं म्हणणं उडवून लावू नका. घरात एवढ्या लोकांनी तुम्हाला पाहिलं, काळजी तिला एकटीला वाटली. तिला समोर बसवून सांगा की मला ही झोप आवडते, तिची मी सकाळपासून वाट बघते. ज्याला कशातच गोडी वाटत नाही, ज्याला उठूच नये असं वाटतं, त्याची झोप वेगळी. तशी कधी वाटली, किंवा रात्रभर झोपूनही दिवसा डोळे मिटायला लागले, तर जरूर डॉक्टरकडे जा, हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर बघून घ्या. आणि जाताना यजमानांना बरोबर न्या. घोरता घोरता त्यांचा श्वास मधेच अडकल्यासारखा होतो का, याकडे लक्ष ठेवा. दारावर वीस मिनिटं थापा पडून ज्याला जाग येत नाही, तपासायचं तर त्याला आधी तपासलं पाहिजे.

बेलच्या बाबतीत मात्र तुमचं चुकलं. घरात ८४ वर्षांचं माणूस असताना बेल बंद आणि फोन मुका, हे बरं नव्हे. नणंदेची भीती अगदीच अनाठायी नव्हती. मुलाचा, सुनेचा आणि नणंदेचा फोन तेवढा वाजेल अशी सोय फोनमध्ये असते, सून दोन मिनिटांत करून देईल. बेल चालू ठेवा. ते उपडं पुस्तकही उचला उशाजवळून, त्याचा कणा मोडतो. कुणी विचारलं तर ‘झोपले होते’ म्हणायचं. ‘जरा’ न लावता. पहिल्या दोन-तीन वेळा जीभ अडखळेल.

आणि पुण्यात राहता, तर दारावर पाटी लावा. मजकूर मी देते:

‘दुपारी २ ते ३.१५ या घरातील तिन्ही ज्येष्ठ नागरिक झोपलेले असतात. (एक जण बसून.) अंजिरे आणली असल्यास बेल दाबावी. इतरांनी चहाच्या वेळी यावे.’

कंस सासूबाईंना आधी वाचून दाखवा. त्या हसल्या तर ठेवा.

— ताई