खापरावर नाव लिहायची घाई करू नकोस

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पलिष्टी आणि इस्राएली यांच्या पुरातत्त्वात पुढचं शिक्षण घ्यायचं ठरवलंस, फार आनंद झाला. बायबलमधली इस्राएली दावीद आणि पलिष्टी योद्धा गल्याथ यांची लढाई उत्खननातून कधी सिद्ध होईल का, असं तू विचारलं आहेस. एका दिवशी दोन माणसांत झालेली लढत मातीत सहसा उरत नाही. उरतं ते रोजचं: चूल, हाडं, फुटकी भांडी, कोसळलेल्या भिंती. पण तेवढ्यावरून शेजारी राहणारे दोन समाज पाच-सहाशे वर्षं एकमेकांकडून काय घेत होते आणि काय निग्रहाने टाळत होते, हे बरंच कळतं. मला हा प्रश्न त्या लढाईहून मोठा वाटतो, म्हणून त्याबद्दलच लिहितो.

इजिप्तमध्ये मेदिनेत हाबूच्या देवळाच्या भिंतीवर तिसऱ्या रामेसेस या फारोने इ.स.पू. ११७५च्या सुमाराची आपली लढाई कोरून घेतली आहे. त्यात पिसांसारखे दिसणारे शिरोवेष घातलेले ‘पेलेसेत’ आहेत, आणि बैलगाड्यांत बसलेल्या बायका-मुलंही आहेत. हेच पलिष्टी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. गाझा, अश्कलोन, अश्दोद, गथ आणि एक्रोन ही त्यांची पाच शहरं, किनाऱ्यालगत आणि त्यामागच्या सपाटीवर. त्याच काळात पूर्वेकडच्या डोंगरात लहान लहान खेडी वसत होती. तिथली भांडी साधी, बिननक्षीची, रांजण मोठे आणि गळ्याशी कड असलेले. ‘इस्राएल’ हे नाव मेर्नेप्ताह या फारोच्या इ.स.पू. १२०८च्या सुमाराच्या शिलालेखात येतं. तो लेख पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्रीला १८९६ मध्ये इजिप्तमधल्या थीब्जला सापडला.

आता भांड्यांकडे वळू. पलिष्ट्यांचं दुरंगी खापर एकदा पाहिलंस की विसरणार नाहीस. पांढरट लेपावर काळी आणि तांबडी रेघ, चौकटी पाडलेल्या, चौकटीत वळसेदार वेटोळं किंवा मान मागे वळवून पंख साफ करणारा पक्षी. नक्षीचं मूळ एजियन समुद्राकडचं, म्हणजे ग्रीसकडचं, पण माती तपासली तर ती स्थानिक निघते. म्हणजे भांडी जहाजातून विकायला आली नव्हती, ती बनवणारे हात इथे आले होते. तरीसुद्धा नुसत्या अशा खापरावरून ‘इथे पलिष्टी राहत होते’ असं लिहू नकोस. देखणं भांडं शेजारीही विकत घेतात. सीमेवरच्या बेथ-शेमेशमध्ये असे तुकडे थोडेफार सापडतात, आणि तरी तिथले लोक बऱ्याच बाबतींत निराळे होते.

म्हणून मी विद्यार्थ्यांना आधी मागाची वजनं दाखवतो. उभ्या मागावर ताणा ताठ राहावा म्हणून खाली वजनं बांधतात. कनानी, म्हणजे या प्रदेशात आधीपासून राहणाऱ्या लोकांच्या, घरांत ती भोक पाडलेली असतात. पलिष्टी घरांत मात्र बिनभोकाची, मध्ये किंचित बारीक, दोऱ्याच्या रिळासारखी, आणि बहुधा न भाजलेल्या मातीची. एजियन प्रदेशात आणि सायप्रसमध्ये अशीच सापडतात. अश्कलोनला ती जमिनीवर ओळीने पडलेली मिळाली, माग जिथे उभा होता तिथेच. न भाजलेली असल्याने ती भोवतालच्या मातीसारखीच दिसतात. खुरपं जोरात चालवलं की ढेकूळ समजून फुटतात आणि घमेल्यातून ढिगाऱ्यावर जातात. असं वजन कुणी बाजारातून मिरवायला आणत नाही. मुलगी ते आईकडे बघून करायला शिकते. स्वयंपाकाचंही तसंच. कनान्यांचं रांधायचं भांडं पसरट तोंडाचं आणि गोल बुडाचं. पलिष्ट्यांचं उभट, एका कानाचं, सपाट बुडाचं, विस्तवाशेजारी टेकवून ठेवायचं. साड्यांची फॅशन दहा वर्षांत बदलते, पण आमटीला फोडणी कशी द्यायची ते घरात दोन पिढ्या तरी टिकतं. लोक ओळखायचे तर अशा सवयींवरून ओळख.

डुकराच्या हाडांविषयी तू बरंच वाचलेलं दिसतंस. एक्रोन आणि अश्कलोनच्या सुरुवातीच्या थरांत ती भरपूर, डोंगरातल्या खेड्यांत जवळपास नाहीत, बेथ-शेमेशमध्येही नगण्य. इतकं स्वच्छ चित्र पाहून मोह होतो. पण २०१३ मध्ये संशोधक लिदार सपिर-हेन आणि सहकाऱ्यांनी ठिकठिकाणची हाडं एकत्र मांडली तेव्हा दिसलं, की पलिष्ट्यांच्या ग्रामीण वस्त्यांत डुकरं फारशी नव्हतीच, आणि पुढे इस्राएलच्या उत्तरेकडच्या राज्यात, सखल भागातल्या गावांत, ती वाढलेली आहेत. शहर की खेडं, डोंगर की सपाटी, काळ कुठला, हे विचारल्याशिवाय हाड काहीच सांगत नाही. बेथ-शेमेश खणणारे बुनिमोविट्झ आणि लेडरमन यांचं म्हणणं मला पटतं: पलिष्टी इतके जवळ आले म्हणूनच तिथल्या लोकांना ‘आपण वेगळे’ हे ताटातून दाखवावंसं वाटलं. ओळख सीमेवरच जास्त घट्ट होते.

डीएनएबद्दल सावध राहा. अश्कलोनच्या १० व्यक्तींचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. घराच्या जमिनीखाली पुरलेल्या चार अर्भकांत दक्षिण युरोपशी जुळणारा अंश मिळाला. नंतरच्या दफनभूमीतल्या तिघांत तो जवळजवळ दिसेनासा झालेला. काही पिढ्यांत रक्त मिसळून गेलं. निष्कर्ष सुंदर आहे, पण माणसं दहाच आहेत, हे रोज स्वतःला बजावत जा. त्याच आठवड्यात इस्राएलचे पंतप्रधान नेतान्याहू यांनी या अभ्यासाचा दाखला देत आजच्या पॅलेस्टिनींच्या मुळांविषयी विधान केलं. आजच्या पॅलेस्टिनींबद्दल त्या अभ्यासात काहीच नव्हतं. तू लिहिशील ते वाक्यही कुणीतरी असंच उचलेल, म्हणून पुराव्याची मर्यादा त्याच वाक्यात लिहायची सवय लाव. पुढच्या परिच्छेदात लिहिलेली मर्यादा कुणी वाचत नाही.

आणि जमिनीखालच्या अर्भकांवरून नातं जोडू नकोस. आपल्या इनामगावातही ताम्रपाषाणयुगात मुलांना दोन कुंभ तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली पुरत. त्या दोन समाजांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

गथला २००५ मध्ये एक खापर सापडलं. त्यावर कनानी वळणाच्या लिपीत दोन नावं कोरलेली, सेमिटिक नसलेली, ‘गल्याथ’ या नावाशी थोडी मिळतीजुळती. वर्तमानपत्रांनी गल्याथच सापडल्यासारखं छापलं. उत्खननप्रमुख आरेन माएर मात्र एवढंच म्हणत राहिले, की अशा धाटणीची नावं त्या काळी गथमध्ये होती. संशोधक असा असावा. याच गावाभोवती त्यांच्या चमूला दोन किलोमीटरहून लांब वेढ्याचा खंदक मिळाला आणि इ.स.पू. नवव्या शतकातला जळिताचा थरही. अरामचा राजा हजाएल याने गथ घेतल्याचं बायबलमधल्या राजांच्या पुस्तकात एका ओळीत येतं. इथे ग्रंथ आणि माती जुळतात, आणि तसं मोकळेपणाने म्हणायलाही कचरू नये.

एक्रोनचा शिलालेख मात्र नीट वाच, अक्षरन् अक्षर. १९९६ मध्ये मिळाला, पाच ओळींचा. पादीचा मुलगा आखीश याने आपल्या देवीसाठी देऊळ बांधलं, असं त्यात आहे. पादी आणि आखीश दोघंही असिरियन नोंदींत येतात. लिपी शेजाऱ्यांची, भाषाही जवळपास त्यांचीच, गावात तेलाचे शंभराहून अधिक घाणे, आणि तरी पाच शतकांनंतर राजाचं नाव दूरच्या वळणाचं. मिसळून जाणं आणि वेगळं उरणं एकाच दगडावर. त्यानंतर फार वर्षं गेली नाहीत, इ.स.पू. ६०४च्या सुमारास बाबिलोनचा राजा नेबुखद्नेस्सर याच्या फौजांनी हा सगळा प्रदेश जाळला.

आता कामाचं. हिब्रू लिपी आत्ताच शिकायला लाग. बायबलमधली शमुवेलाची दोन्ही पुस्तकं मराठीतून सलग वाच, पण चरात उतरताना ती खोलीवर ठेवून जा. थरांचा काळ कोणता धरायचा या वादात फिंकेल्स्टाईन आणि गारफिंकेल या दोघा पुरातत्त्वज्ञांचंही मूळ लेखन वाच, कुणाच्या तरी सारांशावर विसंबू नकोस. परदेशी विद्यापीठांना अर्ज करण्याआधी डेक्कन कॉलेजात प्राण्यांची हाडं ओळखायला शीक आणि एक हंगाम इथल्याच एखाद्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, काढ. व्हीलरने इथे शिकवलेली थर वाचायची पद्धत त्याचीच शिष्या कॅथलीन केन्यनने जेरिकोला नेली, त्यामुळे तिथला खणायचा चौकोन आणि बाल्क, म्हणजे चौकोनांमधली न खणलेली मातीची भिंत, तुला परका वाटणार नाही. खापरं धुण्याचं काम कुणी कमी दर्जाचं म्हणालं तर ऐकू नकोस. नजर तिथेच तयार होते.

दिवाळीपर्यंत वीस खापरांची रेखाटनं करून पाठव, काठाचा व्यास आणि छेद दाखवून. एकावरही संस्कृतीचं नाव लिहू नकोस, फक्त थर आणि मोजमाप. मी तपासून परत पाठवीन, मग शिफारसपत्राचं बोलू.

सप्रेम,
तुझे सर