म्यूनिकचा नाताळ: वसईहून येणाऱ्या ताईंसाठी

ताई, ऑक्टोबरमध्ये तुम्ही दोघं मुलांना घेऊन म्यूनिकला येताय आणि विचारलंत, की तिथे आपल्यासारखा नाताळ असतो का, मराठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मिळेल का. मी वसईचीच, इथे अकरा वर्षं झाली. मराठी मिस्सा मला आजवर मिळालेली नाही. इंग्रजी मिळते. मल्याळी मंडळींची मिळते, केरळच्या नर्स 1960 च्या दशकापासून जर्मनीत आहेत. फिलिपिनो लोक नाताळाआधी नऊ दिवस सिम्बांग गाबी नावाच्या मिस्सा करतात. पण मुलं लहान आहेत, तर घराजवळच्या जर्मन चर्चमध्येच जा. का, ते शेवटी सांगते.

आधी कागद. पत्ता नोंदवताना फॉर्मवर धर्म विचारतात. रोमन कॅथलिक लिहिलंत की पगारातून चर्चचा कर कापला जातो. बायर्नमध्ये, म्हणजे म्यूनिक ज्या राज्यात आहे तिथे, तो आयकराच्या 8 टक्के असतो, पगाराच्या नव्हे. आमच्या ह्यांनी पहिल्या महिन्यात पगाराची स्लिप बघून कपाळाला हात लावला होता.

इथली खरी मजा आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळात. वसईत आपण नाताळाची वाट बघत येशूजन्माचा गोठा बांधतो, करंज्या तळतो. इथे वाट बघणं हाच सोहळा. चार मेणबत्त्यांचं हिरवं चक्र, दर रविवारी एक वात वाढते. 5 डिसेंबरच्या रात्री मुलं बूट घासूनपुसून दाराशी ठेवतात, सकाळी त्यात संत निकोलसने ठेवलेले अक्रोड, संत्री, चॉकलेट. आणि रोराटेची मिस्सा चुकवू नका. पहाटे सहा-साडेसहाला, दिवे बंद, फक्त मेणबत्त्या. डिसेंबरात इथे उजाडायलाच आठ वाजतात, त्यामुळे तो अंधार खराखुरा असतो. आमच्याकडे मिस्सेनंतर चर्चच्या सभागृहात पाव, लोणी आणि कॉफी असते. माझ्या इथल्या पहिल्या ओळखी त्या कॉफीवरच झाल्या.

24 तारखेबद्दल मात्र सावध राहा. पहिल्या वर्षी आम्ही नटूनथटून रात्री पावणेबाराला चर्चशी पोचलो. दाराला कुलूप! मध्यरात्रीची म्हणवणारी मिस्सा दहालाच सुरू होऊन संपली होती. थंडीत, रेशमी साडीत, बर्फात उभी राहून मी रडले. तेव्हा वेळ आधी बघून ठेवा. दुपारी मुलांचं गोठ्याचं नाटक असतं, तेही बघा. बँड, मैदान, रात्रभर गाणी हे काही नाही. मिस्सेच्या शेवटी दिवे मालवून ‘स्टिले नाख्ट’ (‘सायलेंट नाइट’ हे गीत) म्हणतात आणि लोक निमूट घरी जातात. 24 ला दुपारी दोनपर्यंत दुकानं बंद होतात, ती थेट 27 ला, तो रविवार असेल तर 28 ला उघडतात. दूध आणून ठेवा.

आता जर्मन चर्चच का, ते. नाताळानंतर, 6 जानेवारीच्या आसपास, मुलं बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचा वेश करून चांदणी घेऊन घरोघर गातात, गरजू मुलांसाठी पैसे जमवतात आणि चौकटीवर खडूने सालाच्या आकड्यांमध्ये सी, एम, बी अशी अक्षरं लिहितात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ, ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो. यांना श्टेर्नझिंगर म्हणतात. नोव्हेंबरातच फादरांना किंवा चर्चच्या ऑफिसात विचारून मुलांची नावं द्या. माझा मुलगा भाषा धड येत नसताना गेला आणि तीन दिवसांत अख्ख्या गल्लीला माहीत झाला.

एक गोष्ट त्याला आधी सांगून ठेवायला हवी होती. एक राजा काळा दाखवायची इथे जुनी रीत, त्यासाठी पूर्वी मुलांची तोंडं रंगवायचे, आता बहुतेक ठिकाणी ते बंद झालंय. एका आजीबाईंनी दार उघडून कौतुकाने म्हटलं, रंग किती छान लावलाय! हा म्हणाला, लावलेला नाही, माझाच आहे. बाई लाजून आत गेल्या आणि चॉकलेटची भलीमोठी पिशवी घेऊन आल्या. घरी येऊन त्याने ती वाटली खरी, पण रात्री मला विचारलं, की मीच का तो राजा.

सामानात सांदणासाठी तांदळाचा जाड रवा आणा. खव्याचं आणि मांसाचं काही घेऊ नका, युरोपात आणायला बंदी आहे. पीठ फुगवायला ताडी इथे कुठली मिळायला, पण यीस्टवर सांदणं छान फुगतात. रोराटेच्या न्याहारीला मी दरवर्षी नेते, पावाच्या आधी तीच संपतात.